तीस दिवसांचं

चोडणहून रायबंदरला जायला फेरीबोटीत चढलो
की पाय अजून शिडीकडे वळतात, सुकाणूच्या केबिनकडे.
सत्तावीस वर्षं ही नदी मी आडवी कापली,
उभी कधीच नाही.
आता पॅसेंजर.
पायी माणसाला तिकीट नाही,
गोमेकॉत गोळ्यांना पैसे नाहीत,
मधल्या बसचे तेवढे सुटे लागतात.

पिशवी साडीच्या दुकानातली. आत
योजनेचं कार्ड, कार्डाची झेरॉक्स, झेरॉक्सची झेरॉक्स,
कोपरे फुगलेली निळी फाईल
आणि आवेलिनचा थायरॉइडचा कागद.
तिचे गुडघे बोटीच्या फळीवर चढत नाहीत.

कार्डावर मी महाबळेश्वर.
फाईलवर महाबलेश.
खिडकीवरची मुलगी "म्हाबळू चोडणकार" अशी हाक मारते
तेव्हा आम्ही तिघेही एकदम उठतो.
साखर तिघांनाही आहे.

अकरा वर्षं कागदावर एकच शब्द : रिपीट.
आठ डॉक्टर बदलले, अक्षर बदललं,
शब्द तोच.
मला तो कधी परका वाटला नाही.
बोटीच्या वहीतही पहिल्या फेरीखाली
मी दोन-दोन टिंबं काढत जायचो,
म्हणजे वरच्याप्रमाणेच.
भरती असो, धुकं असो,
एकदा एक गाभण म्हैस मधेच पाण्यात उतरली आणि
पोहत परत घरी गेली,
तरी खाली टिंबंच.

या खेपेला नवीन पोरगी होती,
टेबलाखाली चपला काढून बसलेली.
तिने लिहायला घेतलं नाही.
"उठल्यावर चक्कर येते?"
येते, म्हटलं.
"कधीपासून?"
कोणी विचारलं नव्हतं तेव्हापासून, असं ओठावर आलं होतं,
पण निघालं भलतंच :
जन्मभर बोटीवर उभ्या राहिलेल्या माणसाला
जमीन थोडी हलणारच, बाई.

ती हसली नाही.
मला निजवून दंडाला पट्टा बांधला,
उभं करून पुन्हा बांधला,
आकडे शेजारीशेजारी लिहिले,
आणि पाच ओळींतली तिसरी खोडली.
"ही बंद."

तिसरी म्हणजे पांढरी, मधे चीर असलेली,
रात्री जेवणानंतरची.
बदली झालेला खलाशी निदान
चहा पिऊन जायचा.

औषधांच्या खिडकीत बोनिफासने
कागद न बघताच पाच पट्ट्या ठेवल्या.
त्याच्या हाताला धक्का पाठ आहे,
माझ्या हातालाही होता.
तिसरी मी परत सरकवली.
"कितें बाब, बरो जालो?"
मागे चाळीस माणसं, एक रडणारं पोर.
मी म्हटलं, एक पंचमांश.

परतताना भरती होती.
केबिनमधला पोरगा फोनवर बोलत बोलत
बोट बरोब्बर लावून गेला.
मी त्याच्यावर टीका करायला जागा शोधली.
सापडली नाही.

आवेलिन व्हरांड्यात वाट बघत होती.
पट्ट्या उलट्या करून तिने मोजल्या.
"तीसच?"
तीसच.
"आणि ह्या महिन्याक एकतीस दीस."
सरकारच्या कॅलेंडरात एकतीस तारीख नसते, मी म्हटलं.
हे ती दर वेळी विचारते
आणि दर वेळी मी हेच सांगतो.
मग ती मला पेरू देते,
अर्धा कापून, उरलेला अर्धा माझ्यादेखत झाकून.

घरी जुन्या पट्टीत तिसरीच्या दोन उरल्यात.
टाकून द्यायच्या आहेत.
रात्री जेवण झालं की हात त्या फळीकडे जातो,
मी पेला भरतो
आणि नुसतं पाणी पितो.

सकाळी पाय खाली टेकवून जरा थांबतो.
आज हलली, पण थोडीच.
कागदामागे तारीख घालून तसं लिहून ठेवलंय,
पूर्ण वाक्यात, टिंबं न काढता.
पुढच्या महिन्यात तीच पोरगी असेल तर
विचारेल.