एक गाडीभर जागा

रात्री साडेअकराला शटर अर्धं खाली ओढतो.
वार्निशचा वास आतच राहतो,
पोट उघडलेल्या तीन मोटारी भिंतीला टेकून.
त्यातली एक शिरूर ताजबंदच्या माणसाची,
उद्या सकाळी नेतो म्हणालाय.
तांब्याची तार गुंडाळायच्या टेबलालाच
शिकंजा लावून आवळलंय स्टेअरिंग,
सेकंडहँड, नांदेडहून आणलेलं,
डावीकडं जरा ओढतं.

रेंज असली तर बारा गाड्या, नसली तर भुतं.
समोरची गाडी हवेत उडते,
परत येऊन रस्त्यावर बसते.
अशा वेळी मी अंतर ठेवतो.
कुणाच्या गावात किती नेट आहे
आपल्याला काय माहीत.

'कंधारी सात' असं नाव लावतो तो.
गाव असेल, आडनाव असेल, नाहीतर डाळिंब.
चेहरा पाहिला नाही. माइक कायम बंद.
पण तो ब्रेक कुठं मारतो ते मला माहीत आहे:
दीडशेच्या पाटीच्या थोडं अलीकडं,
एकदाच, मग सोडत सोडत.
आणि पुढं काढायच्या आधी आरशात दिसतो.
दिसल्याशिवाय येत नाही.

गेल्या बुधवारी मी चुकलो.
शेवटून दुसरी फेरी. तिसरा तो, चौथा मी.
उजव्या वळणाला आतून फट दिसली.
फट कसली,
तो वळायच्या आधीची नुसती रिकामी हवा.
माझं नाक त्याच्या मागच्या चाकापर्यंतही पोचलं नव्हतं,
तरी म्हटलं, घुसूलालोय तर घुसूच.
टक्.
एवढाच आवाज.
तो गोल फिरून वाळूत.

गेमनं दंड लावला नाही.
माझ्या नावापुढं तीन,
हिरवं.

आमचा दिगंबरमामा उसाच्या सीझनला
ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या ओढतो.
मागं ना लाइट ना रेडियम,
पण त्याचा हात असतो बाहेर.
पंजा हलला की ये.
मूठ आवळली की थांब, समोरून कुणीतरी येतंय.
मागच्याला तो ओळखत नसतो.
मागचा हॉर्नवर हॉर्न, कधी शिवी देऊन जातो,
हात तसाच.
एकदा विचारलं, कामून करतोस एवढं?
तर म्हणाला, माझ्या पुढचं त्याला दिसत नाही ना, बाबा.
आणि तंबाखू मळत बसला.

वळणापुढं मी गाडी कडेला घेतली,
रेषेच्या पार बाहेर,
आणि ब्रेकवर पाय ठेवून बसलो.
दोघं गेले.
एकानं जाताना दिवे मारले, कशाला ते कळलं नाही.
तीनाचे पाच झाले.
तो वाळूतून निघाला
पण तडक रस्त्यावर आला नाही.
मागून लाल गाडी येत होती, तिला जाऊ दिली,
मग आला, माझ्या शेजारून गेला.
मी सातवा.

शेवटच्या वळणाला परत आम्ही दोघंच.
या खेपेला ब्रेकच्या आधीच मी शेजारी होतो,
दाराला दार.
त्याला मला चेपता आलं असतं.
त्यानं सोडली एक गाडीभर जागा,
वीत जास्त नाही, वीत कमी नाही.
बाहेर पडताना मीही तेवढीच ठेवली.
मावलो दोघं.
सरळ रस्त्याला नाकभर तो पुढं.

मी लिहिलं, चूक माझी होती.
तीन टिंबं बराच वेळ हलली.
मग आलं: आधी आरशात दिसत जा.
आणि त्याच्या पाठोपाठ:
उद्या येऊलालास का?

नेमकी लाइट गेली.
अंधारातच 'हो' टाइप केलं
बंद पडलेल्या पडद्यापुढं,
मग मोबाइलच्या उजेडात
शिरूरवाल्याच्या मोटारीचे
राहिलेले वेढे भरायला घेतले.