इतिवृत्त

तिसऱ्या बैठकीला एसी बंद पडला,
खिडक्या उघडल्या, तसा मार्केट यार्डाकडून
हळदीचा वास आत येऊन बसला, बोलावणं नसताना.
मी लिहिलं : उपस्थित अकरा, गैरहजर दोन.
विषय क्रमांक एक,
शहराच्या नव्या स्टेडियमच्या खर्चाची विभागणी.

आयुक्त म्हणाले, शासनाचे चाळीस, पालिकेचे वीस,
उरलेले तुमचे.
सम्मेद मगदूम हसला. हसता हसता पेनाला टोपण लावलं.
त्याच्या आजोबांना मी सौद्यात पाहिलंय,
हमाल बापाचा डबा घेऊन जायचे तेव्हा :
रुमालाखाली दोन हात,
वर चेहरे देवळात उभे असल्यासारखे,
आणि खाली बोटं भाव बोलायची.
नातू सगळं पडद्यावर दाखवतो,
हिरवळ, दिवे, आपल्याकडं कुणी नसतं तसली
उंच गोरी माणसं टाळ्या वाजवताना.
रुमाल दिसत नाही.
असणार.

नाव तीस वर्षं त्यांचं. पायऱ्यांखाली बेचाळीस गाळे.
बारगीर मॅडमनी विचारलं, मग मैदान कुणाचं?
"मैदान शहराचंच. आम्ही फक्त फाटक सांभाळणार."
मी लिहिलं : चर्चा झाली.

शहर अभियंत्यांनी नकाशावर निळी रेघ ओढली.
आयर्विन पुलापाशी पाणी चढलं
की कृष्णामाई पूर्वेच्या गॅलरीत येऊन बसणार,
तिकीट न काढता.
भराव घालावा लागेल. दोन कोटी ऐंशी लाख.
तो चाळिसात, विसात, की उरलेल्यात?
सगळे चहाच्या कपात बघायला लागले.
मी लिहिलं : सविस्तर चर्चा झाली.

ह्याच जागेवर मी खो-खो खेळलेय.
आठजणी पाटीत, एकीचं तोंड पूर्वेला, दुसरीचं पश्चिमेला.
लोकांना वाटतं पळणं अवघड.
बसणं अवघड असतं,
टाच उचलून, कान मागं ठेवून,
कधी पाठीवर हात पडेल त्याची वाट बघत.
ह्या टेबलाशीही तसेच बसलेत,
शेजारी शेजारी, तोंडं उलटी,
खो तेवढा कुणी देत नाही.

ऐवळे सर दारापाशी, विशेष निमंत्रित,
मताचा अधिकार नाही.
नखांत मैदानाचा चुना, इस्त्रीचा शर्ट.
खुर्च्या सरकल्या, पिशव्या उचलल्या,
तेव्हा कुठं ते म्हणाले,
"सकाळी सहा ते आठ पोरांना पैसे पडू नयेत, एवढंच."
मगदूम फोनवर होता. त्याची मान हलली.
फोनमधल्या माणसासाठी हलली असेल.
मी ती हलताना पाहिली.

सगळे गेल्यावर टाइप केलं :
ठराव ४ (इ). सकाळी सहा ते आठ
शहरातील खेळाडूंना विनाशुल्क प्रवेश. सर्वानुमते.
सर्वानुमते ह्या शब्दापाशी कर्सर
बराच वेळ लुकलुकत राहिला.
बारा वर्षांच्या नोकरीत मी
ऱ्हस्व-दीर्घाचीसुद्धा चूक केलेली नाही.
प्रिंट काढली.

चौथी बैठक. एसी चालू, खिडक्या बंद.
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
वाचलं कुणीच नाही, पानं उलटली.
मगदूमचं बोट उतरत उतरत
चार-इ वर आलं आणि थांबलं.
त्यानं मान वर केली. माझ्याकडं पाहिलं.
मी पाहिलं तरी तो बघतच होता.
मग बोट टेबलाखाली गेलं,
तिथं किती मोजलं कोण जाणे.

"कायम," आयुक्त म्हणाले.

पाठीवर कुणाचा तरी तळवा पडला असं वाटलं.
मागं भिंत होती.
मी उठले
आणि पुढचा विषय वाचला :
वाहनतळ.