बुधवारची बस

हेरफर्डशायरच्या आमच्या कोपऱ्यात बस येते ती बुधवारी.
एकच. सकाळी नऊ चाळीसला बाजाराच्या गावी जाते,
दोनला परत फिरते,
आणि गेली अकरा वर्षं ती मी चालवतो.
रस्ता एवढा अरुंद
की दोन्ही बाजूंची झुडपं
जाता जाता आरसे पुसून देतात.

हिवाळाभर सात डोकी. एप्रिल लागला की अठरा.
कुठून निघतात देव जाणे.
अंगात कोट अजून तोच, जाडजूड,
पण बटणं उघडी.

एनिड प्रॉसर चर्चच्या फाटकापाशी चढते,
मांडीवर रूबार्बची जुडी,
लाल देठ जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले.
"दुकानातलं रूबार्ब म्हणजे लाकूड," असं ती दरवेळी सांगते.
जुडी खाटकाच्या बायकोला जाते,
परतताना पिशवीत सॉसेज असतात.
हिशोब कुणी लिहीत नाही,
दोघींना तो तोंडपाठ आहे.

कथबर्ट प्रीस माझ्या मागच्या सीटवर.
त्याच्या मते हा काही खरा वसंत नव्हे.
खरा त्र्याहत्तर सालचा.
तेव्हा सफरचंदाचा मोहोर असा होता
की रात्री दिव्याशिवाय गुरं मोजता यायची.
(गुरं किती होती विचारलं तर म्हणतो, चार.)

आणि टॅलिथा. बर्मिंगहॅमहून आलेली,
छातीशी झोळीत पाच महिन्यांचं मूल.
तिला झाडांची नावं येत नाहीत
हे कळल्यापासून बसला काम मिळालंय.
"तो पांढरा बघ, हॉथॉर्न."
"हॉथॉर्न कुठला? ब्लॅकथॉर्न!
आधी फूल, मग पान, तो ब्लॅकथॉर्न.
आधी पान, मग फूल, तो दुसरा."
तीन मैल हे चाललं.
मूल तेवढ्यात दोनदा झोपून उठलं.

गेल्या बुधवारी रानाच्या वळणावर
मेंढ्या आडव्या आल्या.
साठेक असतील, पायांत घोटाळणारी कोकरं वेगळी.
मी इंजिन बंद केलं.
खिडकीतून वास आला,
ओला, हिरवा, थोडा मधासारखा,
आणि सगळे एकदम गप्प झाले.
झाडांखाली, दिसेल तिथवर, ब्लूबेल.
जणू रात्री कुणी तळं सांडून गेलं होतं
आणि भरून घ्यायला विसरलं होतं.

"दार उघड," कथबर्ट म्हणाला.
थांब्याशिवाय दार उघडायचं नाही,
असा नियम माझ्याच डोक्यावर छापलेला आहे.
मी उघडलं.

उतरले सगळे. पायवाट सोडली नाही कुणी,
तोडलं नाही कुणी काही.
टॅलिथाने मुलाचं तोंड रानाकडे फिरवलं.
त्याला तिच्या कोटाचं बटण जास्त आवडलं.
कुणीतरी थर्मास काढला,
झाकणातून चहा फिरला, मलाही दोन घोट.

एनिड तेवढी वरच राहिली. गुडघे.
पायऱ्या चढता येतात,
उतरताना मात्र तिला देवाची आठवण होते,
आणि एका दिवसात दोनदा देवाला त्रास देणं
तिला बरं वाटत नाही.
कथबर्ट तिच्या खिडकीखाली जाऊन उभा राहिला,
टोपी हातात.
"काय विशेष नाही," तो वर बघत म्हणाला.
"त्र्याहत्तरला जास्त होती."
"त्र्याहत्तरला मी होते तुझ्याबरोबर," एनिड म्हणाली,
"आणि पाऊस पडत होता, कथबर्ट."

हे मी ऐकलं नाही. मी आरसा पुसत होतो,
झुडपांनी आधीच पुसलेला.

बाजारात पोचलो सव्वीस मिनिटं उशिरा.
ऑफिसच्या कागदावर कारणाचा रकाना असतो, बोटभर.
मी लिहिलं: मेंढ्या.

खोटं नाही ते.
फक्त त्या गेल्या कधी,
हे कागदाने विचारलं नाही.