आठ नंबरचे बूट

खात्याने दिलेले बूट आठ नंबरचे,
माझा पाय पाचाचा.
भांडारातला कारकून म्हणाला, बायकांचं माप
निविदेत नव्हतं, पुढच्या वर्षी बघू.
तेव्हा टोकाशी चिंध्या कोंबून
खोतीगावच्या रानात दोन वर्षं चाललेय,
आणि चिखलातला ठसा बघून चोरांना वाटतं,
इथून कुणी उंच पुरुष गेला.

वायरलेस चढावाच्या अलीकडेच मुका होतो.
मोबाइलवर कर्नाटक माझं स्वागत करतं
दिवसातून चारदा,
मी हद्द एकदाही ओलांडलेली नसताना.

त्या रात्री ओहळात चिंध्या भिजल्या.
नाड्या बांधून बूट गळ्यात अडकवले
आणि अनवाणी गेले.
तीनच्या सुमाराला पिसोरी सापडली.
सशाएवढं हरीण,
स्कूटरच्या क्लचच्या तारेत मान,
डोळे उघडे, मुंग्या अजून यायच्या होत्या.
मी फासाची गाठ बघितली
आणि टॉर्च विझवला.

ती गाठ मला येते.
डावीकडून वेढे, मग खालून वर.
आपण ओढायचं नाही, जनावर स्वतःच ओढतं.
सातव्या वर्षी शिकवली होती येसोमामाने,
बंद पडलेल्या कुमेरीच्या टेकाडावर,
जिथे त्याच्या बापाने शेवटची नाचणी पेरली होती.

मी आणि वॉचर बाबल किंदळीच्या आड बसून राहिलो.
उजाडताना तो आला,
कमरेच्या आकडीला कोयता.
"गो बाय, तूं?"
एवढंच. पळाला नाही.
पळून जायचं कुठे, तो राहतोच इथे.

पंच दोन: बारवाला सांतान
आणि पहिल्या बसचा कंडक्टर,
ज्याचं सगळं लक्ष घड्याळाकडे.
मी लिहिलं: समक्ष, तार एक, कोयता एक,
वजन दोन किलो तीनशे.
प्राण्याचं शास्त्रीय नाव, त्याला रकाना आहे.
आरोपीशी नातं, त्याला नाही.

अंगठा देण्याआधी मामा म्हणाला,
"कितें बरयलें तें वाच."
वाचलं. लग्नाची याद ऐकावी
तसा मान हलवत ऐकत राहिला.
मग म्हणाला, गाठ चुकली तुझी,
दोन वेढे नाहीत, अडीच.
मी खोडलं, अडीच केलं,
खोडलेल्या जागी पुन्हा अंगठा घेतला.

आमच्या शिमेवर राखणदार आहे.
कांबळं पांघरून रात्रीचा हिंडतो, काठी आपटत.
त्याला वर्षाचा रोट, सोरो, दोन विड्या
आणि नव्या वहाणांचा जोड.
जुना जोड पालथा करून सगळ्यांना दाखवतात,
बघा, किती झिजला.
लहानपणी मीही बघितलाय, टाचेकडे पातळ.
तो कुणाला कोर्टात नेत नाही.
चुकलेल्याला रात्रभर एकाच झाडाभोवती फिरवतो
आणि उजाडताना घरी सोडतो.
मला तेवढी मुभा नाही.
शिवाय मला पगार आहे, त्याला नाही,
हेही धरलं पाहिजे.

दुपारी जीप आली.
कुस्केहून काणकोणच्या वाटेवर
कुणी बोललं नाही, ड्रायव्हरने रेडिओही लावला नाही.
पैंगीणच्या वळणावर मामाने खाली बघितलं,
माझ्या पायांकडे.
"व्हड जातात न्हय गो तुका?"
जातात, म्हटलं.
"आवाज करतात. दोन वर्सां आयकतां हांव तांकां.
काल रातीं मात आयकूंक येवंक नात."

मी बाहेर बघत राहिले.
बुटांत चिंध्या अजून ओल्या होत्या.