उलटा डाव

मे संपता संपता गराजमागचं बर्फ एकदाचं वितळतं
आणि रेनो व्हॅनच्या मागच्या सीटा उपसून काढतो.
तंबू. सिमेंटने भरलेल्या चार बादल्या,
कारण सुपीरिअरवरून वारा सुटला की
त्याला कलेतलं काही कळत नाही.
दोनशे छापे, सुट्टे पैसे, डासांचं मलम,
आणि आईचा लाकडी डाव.

मी लिनोलियमवर चित्रं कोरते, उलटी.
उलटं कोरलं की सरळ उमटतं,
हे चाळीस वर्षांत अजून मला पुरतं पटलेलं नाही.
कागद उचलताना दर वेळी जीव टांगणीला.
शाई लावायची, कागद टाकायचा,
डाव पालथा धरून त्याच्या पाठीने घासत राहायचं,
मटाराचं सूप ढवळताना असते तीच मनगटाची चाल.
छापायचं यंत्र तेव्हा परवडत नव्हतं.
आता परवडेल, पण ठेवू कुठे?
स्वयंपाकघरात आधीच छापे दोरीवर वाळतात
आणि त्यांच्याखाली आम्ही मान वाकवून जेवतो.

जूनमध्ये हँकॉक. जुलैत लान्स, मग कॉपर हार्बर.
एक गृहस्थ माझ्या लून पक्ष्याकडे बघून म्हणतात,
माझा पाच वर्षांचा नातू असं काढेल.
घेऊन या त्याला, मी म्हणते,
बादल्या उचलायला माणूस हवाच आहे.

रात्री साडेदहालाही आकाशात उजेड रेंगाळतो.
तेव्हा मी वेलदोडे कुटते, पावाची कणीक तिंबते,
नखांत काळी शाई, ती काही निघत नाही.
रेनो म्हणतो, पावाला टर्पेंटाइनचा वास येतोय.
म्हणतो, आणि तिसरा तुकडा कापतो.
परसात रूबार्ब कंबरेएवढा झालाय,
तो जत्रांचं वेळापत्रक बघून वाढत नाही.
शेजारचा ऑर्विल दारात मासे टाकून जातो,
न साफ केलेले, वर्तमानपत्रात.
आधी मी त्यांचं चित्र काढते.
तव्यावरचं लोणी करपत राहतं.

कॉपर हार्बरला सकाळपासून दोन कार्डं विकली होती.
जागेचं भाडं एकशे ऐंशी.
मी छापा कसा निघतो ते दाखवत होते,
तेव्हा निळ्या टोपीतली एक बाई पुढे झाली.
केवढ्याला?
कुठला, लून की अस्वल?
नाही, तो डाव.
दोनशे देईन, ती म्हणाली.
रेनो एकाएकी ढगांचा अभ्यास करू लागला.

माझ्या आईचा आहे, मी म्हणाले.
म्हणूनच तर, ती म्हणाली.

आईने या डावाने लाकूडतोड्यांच्या छावणीत
चाळीस जणांचं सूप ढवळलं.
माझा पहिला छापा तिने हातात धरला,
खिडकीपाशी नेला, बराच वेळ बघितला,
आणि एवढंच म्हणाली: डाव धुऊन ठेव.
त्याचा अर्थ मी आजवर लावते आहे.
कधी वाटतं, तिला चित्र आवडलं होतं.
कधी वाटतं, तिला फक्त डाव हवा होता.

तिच्या पातेल्याने याची एक कड झिजलीय,
माझ्या कागदांनी पाठ.
हे दोनशेत बसवायचं कसं?
नाही म्हणाले. बाईने निदान एखादं कार्ड घ्यावं,
तर तेही नाही.

ऑगस्टचा हिशेब: पेट्रोल, काचा, भाडी वजा जाता
अकराशे चाळीस डॉलर,
एका अस्वलाच्या बदल्यात थिंबलबेरी जॅमच्या सहा बाटल्या
(त्यातल्या दोन आम्ही वाटेतच संपवल्या, बोटांनी),
आणि रेनोची दुखरी पाठ.
सप्टेंबरात अजून एक जत्रा आहे.
बादल्या व्हॅनमध्येच राहू देत, तो म्हणतो.

डाव मी धुऊन ठेवलाय.
दारात पुन्हा मासे आलेत, या वेळी तीन,
सगळ्यात मोठ्याचा जबडा अर्धवट उघडा,
काहीतरी सांगता सांगता थांबल्यासारखा.
रेनो तवा घेऊन उभा आहे,
आणि मला पेन्सिल सापडत नाहीये.