दुसऱ्या स्लॉटवर चिकटपट्टी

वहीत लिहून ठेवलंय, नाही तर मुत्तूला पटत नाही:
सोमवार, दहा पन्नास, आदगोंडा मगदूमांच्या उताऱ्याचा अर्थ मराठीत टाइप करताना.
बुधवारी दोनदा. एकदा तर कुणी काहीच करत नव्हतं,
मी चहा गाळत होते, वळले तर पडदा निळा.
शुक्रवारी नाही.
शनिवारी लग्नपत्रिका, वधूच्या आडनावात,
'कुंभोज'पर्यंत आलं आणि गेलं.

निपाणीत जुन्या स्टँडमागं आठ बाय दहाचं दुकान.
भिंतीपलीकडं तंबाखूची वखार,
तिची धूळ उन्हात उभी राहते
आणि मशीनच्या पोटात जाऊन बसते.
झाकण उघडलं की आधी मुत्तू शिंकतो, मग मी,
मग बाकावरचे आदगोंडा, ज्यांचा काही संबंध नाही.

निकाल मी आधीच लावला होता.
"कन्नड फॉन्ट टाकल्यापासून चाललंय हे,
मराठीत कधी अडकलं नाही."
मुत्तू गोकाकचा. दातात स्क्रू धरून
हूं म्हणाला, तेवढंच.
मग वही मागितली.
बोट एकेक ओळ उतरत
पत्रिकेपाशी थांबलं. "अक्का, हे मराठीच की."
मी ट्यूबलाइटकडं बघितलं. व्होल्टेज बरोबर होतं.

मेमरीच्या पट्ट्या दोन.
एक मशीनबरोबर आलेली, बिल फाइलला लावलेलं.
दुसरी बेळगावच्या खडेबाजारातून, जुनी, बिनबिलाची.
संशय कुणावर हे सांगायला नको.
त्यानं खोडरबर मागितला, शाळेचा, पांढरा,
तिची पिवळी कड घासघासून उजळ केली,
काळा भुगा फुंकला. परत तिघांच्या शिंका.

रात्री टेस्ट लावून शटर ओढलं.
सकाळी काळ्या पडद्यावर लाल ओळी,
एकाखाली एक, सगळ्या एकाच पत्त्याच्या.
"एक लिहून ठेवलं," मुत्तू म्हणाला,
"परत विचारलं तर शून्य सांगालंय.
सारखं न्हाई. तापल्यावर. तीन तासांनी."
आदगोंडा म्हणाले, "म्हणजे आमच्या तलाठ्यागत."

मग एकेकटीची पाळी.
बिलाची, पहिल्या जागेत: रात्रभर स्वच्छ.
बिनबिलाची, पहिल्या जागेत: तीही स्वच्छ.
मला ते आवडलं नाही, खरं सांगते.
चौथ्या रात्री बिलाची पट्टी दुसऱ्या जागेत.
सकाळी लाल.

"पट्ट्या धड हाईत अक्का. जागा गेलीय."
मोबाइलची बॅटरी मारून दाखवली:
स्लॉटच्या तळाशी एक पिन केसाएवढी वाकलेली,
गार असताना टेकते, ऊब आली की सुटते.
दिवाळीच्या सफाईत पट्टी काढून
परत मीच दाबून बसवली होती, अंगठ्यानं, जोर लावून.
मुत्तूनं विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

"बोर्ड बदलायचा?"
"ह्या मॉडेलचा आता मिळत न्हाई री."
त्यानं चिकटपट्टी फाडली, स्लॉटवर डकवली,
पेनानं कन्नडमध्ये लिहिलं: घालू नका.
पेन घेऊन मी खाली मराठीत तेच लिहिलं,
उरली तेवढ्या जागेत, बारीक.
वर मोठं, खाली बारीक,
चौकातल्या पाटीसारखं.
दोघांच्याही ध्यानात आलं
आणि दोघंही वेगवेगळीकडं बघून हसलो.

आता एकाच पट्टीवर चाललंय, खडेबाजारच्या,
कारण ती मोठी. बिलवाली ड्रॉवरमध्ये, बिलासकट.
मशीन सावकाश उठतं, म्हाताऱ्यासारखं गुडघ्यावर हात ठेवून.
आदगोंडांचा कागद निघाला:
दोन एकर अकरा गुंठे, विहिरीत चौथा हिस्सा.
त्यांनी अक्षर अक्षर बोटाखालून घातलं,
"परत इचारलं तर हेच सांगंल न्हवं?"

मी सेव्ह केलं. परत केलं.
मुत्तू म्हणाला, "एकदा पुरे री."
तो गेल्यावर अजून एकदा.