नवव्या गोष्टीपाशी

मेतकूट आणि कुळथाचं पीठ
यांच्या मधे दाबून मेहुण्यानं आणलेलं पुस्तक.
अकरा गोष्टी, गाव एकच.
पहिलीत जो नुसता सायकलवरून जातो
त्याची बायको चौथीत मरते.
दुसरीतली मास्तरीण
सहावीत कुणाच्या तरी तोंडी शिवी होऊन येते, तेवढीच.

शुक्रवारची दुपार. रुवी.
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय.
खिडकीत डोंगर, करपलेल्या भाकरीच्या रंगाचा,
झाड नावाला नाही.

पाचव्या गोष्टीनंतर पुस्तक पालथं घातलं.
तिच्यात एक शिपाई आहे. आणि त्याचा मुलगा.

मंडळाच्या कोजागिरीला, दुधाच्या रांगेत,
बँकेतल्या अभ्यंकरांनी विचारलं होतं,
मूळचे कुठले? चिपळूणचे.
चिपळुणात कुठे? आणि वडील?
कोर्टात होते, म्हणालो.
खोटं कुठे होतं?
एकतीस वर्षं कोर्टातच होते,
दाराबाहेर, स्टुलावर,
नावं पुकारत.
खून केलेला असो की बांध कोरलेला,
प्रत्येकाचं नाव पूर्ण, बापाच्या नावासकट,
तीनदा, शेवटच्या अक्षराला हेल काढून.
त्यांना आत बोलवायचं तर साहेब घंटी वाजवत.
अरे वा, न्यायखात्यात, अभ्यंकर म्हणाले.
मी दूध प्यायलो.
केशर बरं होतं.

आठवीत धुणंभांड्याची बाई आहे,
तिला घरागणिक वेगळं नाव.
पानं उलटी चाळत मागे गेलो:
पहिलीत ती नुसती 'बाई',
तिसरीत 'आमची ती',
सातवीत तर फक्त बांगड्यांचा आवाज,
भिंतीपलीकडून.

गेल्या रमजानात
मालकाचा फोन माझ्या टेबलावर राहिला होता.
नेमका मीच त्यांना फोन लावला,
आणि तो माझ्यासमोर उजळला.
अरबी अक्षरं एवढी येतात आता.
'हिंदी हिसाबात.'
हिशेबाचा हिंदी.
नऊ वर्षं मी त्या खिशात असा आहे.
त्या रात्री जेवलो नाही. बायकोला पित्त म्हणून सांगितलं.

आज, आठवी संपवून, स्वतःचा फोन उघडला.
गॅस नवा.
लाँड्री बी ब्लॉक.
पाणी बाटली (उधारी देतो).
एसी मल्याळी.
कार वॉश.
कार वॉश २.

पहाटे पाचला खाली उतरलो.
तो होता, बादली, गळ्यात फडकं,
सायकल खांबाला टेकवलेली.
चार वर्षं, महिना आठ रियाल,
आणि ईदला माझे जुने शर्ट, जे त्याला ढगळ होतात.
नाम क्या है तुम्हारा?

हात थांबला.
काचेवरून फेसाचा ओघळ खाली आला.
क्या गलती हुआ, साब?
नाही, नाही, तसं नाही, असंच.
माझं हिंदी एकाएकी मराठी झालं.
सब राजू बोलता है, म्हणाला.
असली नाम?
त्यानं आधी इकडेतिकडे बघितलं,
मग हळू आवाजात, दोन्ही हात मागे घेऊन,
कोर्टात सांगावं तसं सांगितलं:
मोफिजुल. मोफिजुल शिकदार. बाप का नाम भी?
नको, म्हणालो.

वर येऊन फोनमधे बदल केला.
शिकदार ऱ्हस्व की दीर्घ, त्यावर अडलो थोडा वेळ.
चहा घेतला. पुस्तक उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी
कधी नव्हे एवढी लख्ख होती.
पायपुसण्या काढून झटकलेल्या,
चाकांच्या आतल्या खाचा पुसलेल्या,
आरशामागची वर्षांची धूळसुद्धा गेलेली.
बक्षीस मागायला तो थांबला नव्हता.
सायकल खांबाशी नव्हती.

मी गाडीत बसलो, चावी न लावता.
काच इतकी स्वच्छ की आहे की नाही कळेना,
आणि एका भ्यालेल्या माणसाचे तळवे
तिच्यावरून अजून फिरत असल्यासारखे.

पुस्तक नवव्या गोष्टीपाशी आहे.
खूण म्हणून पार्किंगची पावती.